वाहनाच्या नटबोल्टांचे बिघडलेले आटे : दुरुस्त कोणते करावेत, बदलावेत कोणते?

आज अनेक शेतकऱ्यांच्या दारात ट्रॅक्टरबरोबरच जीप, पिकअप किंवा लहान मोटार उभी असते. भाजीपाला बाजारात नेणे, खते-बियाणे आणणे, आजारी माणसाला दवाखान्यात पोचविणे ही सर्व कामे या वाहनावर अवलंबून असतात. इंजिन, डिझेल व टायर यांकडे मालकाचे लक्ष असते. परंतु वाहनाचे सर्व भाग ज्यांनी एकत्र धरलेले असतात त्या नटबोल्टांकडे सहसा दुर्लक्ष होते. नट चढत नाही, फिरतच राहतो किंवा अर्ध्यावर अडकतो, अशा वेळी आटा कसा बिघडला याचा विचार न करता पान्याला पाईप लावून जोर केला जातो. कधी सैल नटात सुतळी किंवा पत्र्याची पट्टी घालून वेळ मारून नेली जाते. अशी जोडणी उभ्या वाहनात ठीक दिसते, पण भरलेले वाहन खड्ड्यांच्या रस्त्यावर धावू लागले की ती सुटते.

आटे दुरुस्त करण्याचे काम अवघड नाही. थोडी हत्यारे व संयम असल्यास शेतकरी ते घरी करू शकतो. मात्र कोणता आटा दुरुस्त करण्याजोगा आहे आणि कोणता बोल्ट टाकूनच दिला पाहिजे, हे आधी ठरविता आले पाहिजे. या लेखात त्याची माहिती दिली आहे.

आट्यांचे काम

नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो. ताणलेली स्प्रिंग जशी परत आखडू पाहते तसाच बोल्टही आखडू पाहतो आणि त्यामुळे मधले दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. हा सर्व ताण आट्यांवर पेलला जातो, परंतु तो सर्व आट्यांवर सारखा वाटला जात नाही. नटाची जी बाजू दाबल्या जाणाऱ्या भागाला टेकते, त्या बाजूच्या पहिल्या तीन-चार आट्यांवर सर्वांत जास्त भार येतो. नटाच्या बाहेर डोकावणाऱ्या बोल्टच्या टोकावर काहीच भार नसतो.

म्हणून आटे किती बिघडले याबरोबरच ते कोठे बिघडले हे पाहणे महत्त्वाचे आहे. टोकाचे दोन आटे हातोडीने चेपले गेले असतील तर ते साफ करून बोल्ट वापरता येतो, कारण त्यांचे काम फक्त नट सरळ चढवून घेणे एवढेच असते. मात्र नट जेथे बसतो तेथील आटे झिजले किंवा उपटले असतील तर ते साफ करून ताकद परत येत नाही.

आटे का बिघडतात?

१) नट तिरका चढविणे : सुरुवातीचे आटे हाताने न लावता एकदम पाना लावल्यास नट तिरका धरतो व आट्यांवर आडवा नवा चर पाडतो.

२) वेगळ्या मापाचा नट : व्यास सारखा असला तरी दोन आट्यांतील अंतर वेगळे असू शकते. उदाहरणार्थ, अनेक लहान मोटारींच्या चाकांचे स्टड १२ मि.मी. व्यासाचे असतात, परंतु काहींत आट्यांचे अंतर १.२५ मि.मी. तर काहींत १.५ मि.मी. असते. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन वेढे जातो व अडकतो. तेथे जोर केला की दोन्हींचे आटे जातात.

३) माती, गंज व खत : चिखल आट्यांत वाळला की तो कानशीसारखे काम करतो. रासायनिक खतांची वाहतूक होणाऱ्या गाडीत व कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे नट जाम होतो.

४) प्रमाणाबाहेर आवळणे : याचा हिशेब पुढे दिला आहे.

५) सैल राहणे : चाकाचा नट सैल राहिल्यास डिस्क हलते आणि तिच्या छिद्राची कड स्टडचे आटे खाते. छिद्रही लांबट होते.

माप ओळखणे

दुरुस्तीपूर्वी आट्याचे माप नक्की करावे. पान्याचा नंबर म्हणजे बोल्टचे माप नव्हे. ज्याला आपण '१३ नंबरचा बोल्ट' म्हणतो त्याचा व्यास ८ मि.मी. असतो. काही मोटारींत याच ८ मि.मी. बोल्टला १२ नंबरचा पाना लागतो. १० मि.मी. बोल्टला कोठे १७, कोठे १४ नंबरचा पाना लागतो. त्यामुळे दुकानात पान्याचा नंबर न सांगता जुना बोल्ट सोबत न्यावा.

व्यास कॅलिपरने आट्यांच्या बाहेरून मोजावा. तो नाममात्र मापापेक्षा किंचित कमी भरतो, १० मि.मी.चा बोल्ट ९.८ च्या आसपास दिसतो. आट्यांचे अंतर मोजण्यासाठी आटे मोजण्याची पट्टी मिळते. ती नसल्यास मोजपट्टी लावून दहा आट्यांची लांबी घ्यावी. ती १५ मि.मी. भरल्यास अंतर १.५ मि.मी. आहे. सर्वांत सोपी पद्धत म्हणजे माहीत असलेल्या मापाचा नवा बोल्ट जुन्याला आडवा लावून उजेडात धरणे. आट्यात आटा पूर्ण लांबीभर बसला व मधून उजेड दिसला नाही तर अंतर सारखे आहे.

जुन्या जीप व ब्रिटिश-अमेरिकन आराखड्याचे जुने ट्रॅक्टर यांत इंचाच्या मापाचे आटे आढळतात. येथे विशेष काळजी घ्यावी. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९ मि.मी. भरतो व तो ८ मि.मी.चा समजला जातो; पण त्याचे आटे वेगळे असतात. तसेच जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. अशा गाडीवर नट सुटत नाही म्हणून जोर लावण्यापूर्वी आट्यांचा उतार कोणत्या बाजूस आहे हे पाहावे.

बिघाडाचे तीन प्रकार

अ) मळलेले आटे : आट्यांत माती, रंग किंवा वरवरचा गंज आहे, पण आट्यांची धार शाबूत आहे. असा बोल्ट साफ करून निर्धास्त वापरावा.

आ) चेपलेले आटे : टोकाचे एक-दोन आटे दबले किंवा वाकले आहेत, पण नट बसण्याच्या जागेचे आटे चांगले आहेत. हे आटे सरळ करता येतात.

इ) गेलेले आटे : आट्यांचे शेंडे झिजून गोल झाले आहेत, तारेसारखे वेटोळे सुटून आले आहे किंवा बोल्ट मध्येच बारीक झाला आहे. नव्या बोल्टशी आटे जुळवून पाहिल्यास काही आटे जुळतात व पुढचे जुळत नाहीत, तेव्हा बोल्ट ताणला गेला आहे असे समजावे. असा बोल्ट दुरुस्त करू नये, टाकून द्यावा.

बोल्टचे आटे साफ करण्याची पद्धत

प्रथम तारेच्या ब्रशने आट्यांच्या चरांतून घाण काढावी. नंतर बोल्ट रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवून ठेवावा व पुन्हा ब्रश मारावा. बहुतेक बोल्ट एवढ्यानेच मोकळे होतात.

टोकाचे आटे चेपले असतील तर बारीक त्रिकोणी कानस घ्यावी. त्रिकोणी कानशीच्या कडेचा कोन ६० अंशांचा असतो आणि मेट्रिक आट्याचा कोनही ६० अंशांचाच असतो, म्हणून कानशीची कड चरात बरोबर बसते. चराच्या उतारानेच हलक्या हाताने कानस फिरवावी आणि फक्त वर आलेले लोखंड काढावे. जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंशांचा असल्याने तेथे कानस अधिक जपून वापरावी.

यापेक्षा चांगली पद्धत दोन तुकडे केलेल्या नटाची आहे. त्याच मापाचा, चांगल्या प्रतीचा नवा नट हॅकसॉने उभा कापून दोन अर्धे करावेत व कापलेल्या कडा कानशीने साफ कराव्यात. हे दोन अर्धे बोल्टच्या मागच्या, चांगल्या आट्यांवर दोन्ही बाजूंनी बसवावेत, पकडीने हलके दाबून धरावेत आणि टोकाच्या दिशेने फिरवत बाहेर काढावेत. चांगल्या आट्यांवरून निघालेला नट बिघडलेल्या टोकावर सरळच येतो व वाकलेला आटा जागेवर आणतो. टोकाकडून सुरुवात केल्यास तो तिरका जाण्याची भीती असते. थोडे तेल लावून दोन-तीन वेळा असे केल्यास नवा नट हाताने चढू लागतो.

डाय वापरायची असल्यास ती योग्य मापाची घ्यावी. आटे पाडण्याची डाय चांगल्या आट्यांवरूनही लोखंड कापून काढते व नट ढिला बसतो. म्हणून ती फक्त बिघडलेल्या भागापुरती वापरावी. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे अशा रीतीने फिरवावी म्हणजे कीस तुटून पडतो.

नटाचे व छिद्राचे आटे

सुट्या नटाचे आटे गेले असतील तर त्यावर वेळ घालवू नये. नट स्वस्त असतो, तो बदलावा. मात्र इंजिन ब्लॉक, गिअरपेटी किंवा चेसिस यांतील छिद्रांचे आटे बिघडले तर तो भाग बदलणे महाग पडते. तेथे दुरुस्तीचा खरा उपयोग होतो.

छिद्रातील आटे केवळ मळले असतील तर घरीच साफ करण्याचे हत्यार बनविता येते. त्याच मापाचा, डोक्यावर ८.८ किंवा त्याहून मोठा आकडा असलेला बोल्ट घ्यावा. त्याच्या टोकापासून सुमारे २ से.मी. लांबीचे दोन-तीन उभे चर हॅकसॉने पाडावेत, टोक किंचित निमुळते करावे आणि कडांवरील बारीक कोर कानशीने काढून टाकावी. हा बोल्ट तेल लावून हाताने छिद्रात फिरवावा. माती व गंज चरांत जमा होऊन बाहेर येतात. छिद्र बंद तळाचे असेल तर मध्येच बोल्ट काढून कचरा पुसावा.

आटे थोडे वाकले असतील तर टॅप वापरावा. टॅप तीनच्या संचात मिळतात. पहिला निमुळता असतो, तिसरा तळापर्यंत आटे पाडतो. टॅप छिद्राला अगदी काटकोनात धरून हाताने दोन वेढे जाऊ द्यावा, मगच हँडल लावावे. पोलादासाठी तेल व ॲल्युमिनियमसाठी रॉकेल वापरावे; बिडाच्या भागात टॅप कोरडा चालतो. टॅप कडक पण ठिसूळ असतो. छिद्रात तुटलेला टॅप काढणे हे मूळ दुरुस्तीपेक्षा कितीतरी कठीण काम आहे, म्हणून जोर लागू लागताच मागे फिरवावा.

आटे पूर्ण गेले असतील तर दोन मार्ग आहेत. पहिला, छिद्र मोठे करून पुढच्या मापाचा बोल्ट बसविणे. त्यासाठी छिद्राचा व्यास बोल्टच्या व्यासातून आट्यांचे अंतर वजा करून काढावा. नेहमीच्या मापांसाठी तो असा येतो :

६ मि.मी. बोल्ट, अंतर १.० — छिद्र ५.० मि.मी.
८ मि.मी. बोल्ट, अंतर १.२५ — छिद्र ६.८ मि.मी.
१० मि.मी. बोल्ट, अंतर १.५ — छिद्र ८.५ मि.मी.
१२ मि.मी. बोल्ट, अंतर १.७५ — छिद्र १०.२ मि.मी.
१६ मि.मी. बोल्ट, अंतर २.० — छिद्र १४.० मि.मी.

छिद्राभोवती पुरेशी जाडी शिल्लक राहत असेल तरच हा मार्ग घ्यावा. समोरच्या भागाचे छिद्रही त्याप्रमाणे मोठे करावे लागते.

दुसरा मार्ग म्हणजे पोलादी तारेचे वेटोळे बसविणे. बाजारात ते हेलिकॉइल या नावाने ओळखले जाते. संचात सांगितलेल्या मापाच्या ड्रिलने छिद्र मोठे करतात, संचातील खास टॅपने आटे पाडतात व त्यात वेटोळे फिरवून बसवितात. वेटोळे पृष्ठभागाच्या किंचित खाली राहिले पाहिजे. शेवटी त्याची आतली आडवी शेपटी तोडून ती छिद्रातून काढून घ्यावी. या पद्धतीत मूळ मापाचाच बोल्ट वापरता येतो. ॲल्युमिनियमच्या भागात हे वेटोळे मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ ठरते. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगच्या छिद्रासाठी ही दुरुस्ती नेहमी केली जाते. तेथे आटे बहुधा १४ मि.मी. व १.२५ अंतराचे असतात. परंतु कीस सिलिंडरमध्ये पडण्याचा धोका असल्याने हे काम हेड उतरवून व अनुभवी कारागिराकडून करून घ्यावे.

बोल्ट छिद्रात किती लांब गेला पाहिजे याचाही अंदाज असावा. पोलादात तो साधारणपणे स्वतःच्या व्यासाइतका, बिडात दीडपट व ॲल्युमिनियममध्ये दुपटीइतका आत जावा. आखूड बोल्ट लावल्यास चांगले आटेही उपटतात.

हे बोल्ट दुरुस्त करू नयेत

१) चाकांचे स्टड व नट : टोकाचा एखादा चेपलेला आटा साफ करणे एवढीच दुरुस्ती चालते. आटे झिजले असतील तर स्टड बदलावा. एक स्टड तुटला असेल तर शेजारच्या स्टडांवर जादा भार आलेला असतो, म्हणून तेही तपासून शक्यतो बरोबरच बदलावेत. हबमध्ये दाबून बसविलेला स्टड जागेवरच घणाने ठोकू नये, त्यामुळे बेअरिंग खराब होते.

२) स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, ब्रेक कॅलिपर, ब्रेक नळ्यांचे जोड, सस्पेन्शन व यू-बोल्ट.

३) सिलिंडर हेड व कनेक्टिंग रॉडचे बोल्ट.

४) सीट व सीट बेल्टचे बोल्ट.

या ठिकाणी वेल्डिंगचा आधार घेणेही धोक्याचे आहे. हे बोल्ट उष्णता देऊन कडक केलेले असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने कोठे ते मऊ पडतात तर कोठे ठिसूळ होतात. वरून घट्ट दिसणारा बोल्ट मग अचानक तुटतो.

नवा बोल्ट घेताना त्याच्या डोक्यावरील आकडा पाहावा. ८.८ या आकड्यातील पहिल्या ८ चा अर्थ, त्या पोलादाची ताकद दर चौरस मि.मी. ला सुमारे ८० कि.ग्रॅ. आहे, दुसऱ्या ८ चा अर्थ, त्या ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंत भार आला तरी तो कायमचा ताणला जात नाही. ४.६ च्या बोल्टमध्ये ही मर्यादा दर चौरस मि.मी. ला सुमारे २४ कि.ग्रॅ. असते, तर ८.८ मध्ये सुमारे ६४ कि.ग्रॅ. म्हणजेच दिसायला सारखे दोन बोल्ट, पण एक दुसऱ्याच्या अडीचपटीहून अधिक बळकट. १०.९ च्या जागी ८.८ किंवा ८.८ च्या जागी बिनआकड्याचा बोल्ट कधीही लावू नये.

जाम झालेला नट काढताना

बरेच आटे नट काढतानाच बिघडतात. प्रथम बाहेर आलेले आटे ब्रशने साफ करावेत, गंज सोडविणारे तेल टाकावे व काही तास, शक्य असल्यास रात्रभर मुरू द्यावे. नटाच्या बाजूंवर हलके ठोके द्यावेत. नंतर नट थोडा सुटला की एकदम न काढता थोडा मागे, थोडा पुढे असा फिरवत आणावा. नट तापविल्यास तो प्रसरण पावून सैल होतो, परंतु डिझेल-पेट्रोलची टाकी व नळ्या, टायर, रबरी सील किंवा तेल शिंपडलेली जागा यांच्याजवळ ज्योत नेऊ नये. नट सुटतच नसेल तर तो उभा कापून काढावा. नटाचे नुकसान पत्करावे, बोल्टचे नव्हे.

वाहनाखाली काम करताना केवळ जॅकवर भरवसा ठेवू नये. चाकांना दगड लावून चेसिसखाली भक्कम ठोकळे द्यावेत.

पुन्हा बसविताना घ्यावयाची काळजी

नट सुरुवातीस हातानेच लावावा. प्रथम उलट दिशेने फिरवावा. 'टक्' असा हलका आवाज येऊन नट किंचित खाली बसला की सुलट फिरवावा, म्हणजे तो तिरका चढत नाही. निदान तीन-चार वेढे बोटांनी गेले पाहिजेत. ते जात नसतील तर आटे अजून साफ झालेले नाहीत असे समजावे.

किती आवळावे याचा हिशेब सोपा आहे. १ मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १ कि.ग्रॅ. जोर दिला तर त्यास १ कि.ग्रॅ.-मीटर म्हणतात. ८.८ प्रतीच्या कोरड्या बोल्टसाठी साधारणपणे ८ मि.मी. ला २.५, १० मि.मी. ला ५ आणि १२ मि.मी. ला ८.५ कि.ग्रॅ.-मीटर पुरेसे होतात. वाहनाच्या पुस्तिकेत आकडा दिला असल्यास तोच पाळावा.

८ मि.मी. बोल्टसाठी २० से.मी. लांबीच्या पान्याला १२.५ कि.ग्रॅ. जोर पुरतो. त्याच पान्यावर पाईप चढवून लांबी ६० से.मी. केली तर केवळ ४ कि.ग्रॅ. पुरे होतो. पण माणूस पाईपला सहज ३० कि.ग्रॅ. जोर लावतो, म्हणजे १८ कि.ग्रॅ.-मीटर, गरजेच्या सातपट! आटे उपटतात ते येथेच. पाईपचा उपयोग सोडविण्यासाठी करावा, आवळण्यासाठी नाही.

आट्यांना तेल लावल्यास घर्षण कमी होते व तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, हेही लक्षात ठेवावे. चाकांच्या स्टडना उत्पादकाने सांगितल्याशिवाय तेल किंवा ग्रीस लावू नये. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. चाक काढून बसविल्यावर ५० ते १०० कि.मी. धाव झाली की नट पुन्हा तपासावेत. ट्रॅक्टर व ट्रॉलीचे नट पहिल्या काही तासांच्या कामानंतर व पुढे हंगामात रोज पाहावेत.

घरी ठेवावयाचे साहित्य

तारेचा ब्रश, बारीक त्रिकोणी कानस, हॅकसॉ, कॅलिपर, आटे मोजण्याची पट्टी, ८, १० व १२ मि.मी. चे टॅप व डाय, गंज सोडविणारे तेल आणि आपल्या वाहनाच्या चाकाचे दोन स्टड व चार नट एवढे साहित्य एका डब्यात असावे. सुटे नटबोल्ट मापाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर माप लिहावे. इंचाचे व मि.मी. चे बोल्ट कधीही एकत्र करू नयेत.

शेतकरी बंधूंनी एवढा नियम पाळावा : टोकाचा आटा बिघडला तर साफ करावा, महाग भागातील छिद्राचा आटा गेला तर रीतसर दुरुस्त करावा, आणि ज्या बोल्टवर गाडीतील माणसांचा जीव अवलंबून आहे त्याचा आटा गेला तर बोल्टच बदलावा. माल भरून रात्री बाजाराला निघण्यापूर्वी चाकांच्या नटांवर एकदा पाना फिरविण्यास पाच मिनिटे लागतात. घरातील प्रत्येक वाहन चालविणाऱ्यास ही सवय लावावी.